आईची जपानी, बाबांची मूठ

आमच्या घरातल्या तिघांपैकी कोण कोणत्या पद्धतीने शिकतं, हे मी एका रविवारी सकाळी, चहा उकळेपर्यंतच्या वेळात, शास्त्रशुद्धपणे ठरवून टाकलं. तिघांबद्दलही माझा अंदाज चुकला. त्या तिघांत मीही होते.

माझं नाव क्रांती. ठेवलं बाबांनी. ते पिंपरीतल्या एका कंपनीत युनियनचे सरचिटणीस होते. पुढे कंपनी बंद पडली, पण सरचिटणीसपद काही बंद पडलं नाही. मुळाक्षरं मी पाटीवर नाही, पत्रकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गिरवली. (अ अन्यायाचा, आ आंदोलनाचा. इ इमारतीचा होता, पण ती मालकाची.) घरात मात्र या नावाचा दरारा वाटावा असं वातावरण नव्हतं. "क्रांती, दूध उतू चाललंय!" "क्रांती, आधी भांडी, मग भाषण!" असल्या हाकांतच मी मोठी झाले आणि पुढे स्वतःच पत्रकं लिहू लागले.

घर चालायचं आईवर. आई, म्हणजे सुनंदा, चाकणच्या एका कंपनीत वायर हार्नेसच्या लाइनवर. हार्नेस म्हणजे गाडीच्या पोटात असतात त्या रंगीबेरंगी वायरींच्या जुड्या. आईने त्या अठरा वर्षं बांधल्या, आणि अठराही वर्षं उभ्याने. लाइनवर खुर्ची नसते. आता तिच्या गुडघ्यांनी जाहीर असहकार पुकारला होता. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर ते आवाज करून निषेध नोंदवायचे.

अशात कंपनीत नोटीस लागली. नवी जपानी लाइन येणार होती. नव्या मुलींना काम शिकवायला जुन्या बायकांतून दोन ट्रेनर निवडायच्या होत्या. एक परीक्षा हाताच्या कामाची, दुसरी तोंडी. नोटिशीत छापलेले पाच साधे प्रश्न जपानी इंजिनिअर जपानीत विचारणार, त्यांची जपानीतच उत्तरं द्यायची. मुदत एक महिना.

"ट्रेनरला जनरल शिफ्ट असते," आई म्हणाली. मग लग्नातला शालू आठवावा तशा आवाजात म्हणाली, "आणि खुर्ची असते."

हाताच्या कामाची तिला काळजीच नव्हती. डोळ्यांवर पट्टी बांधली तरी तिने हार्नेस बांधला असता. प्रश्न जपानीचा होता. त्यासाठी कंपनीने दर रविवारी फुकट क्लास ठेवला होता. एक सर फळ्यासमोर उभे राहून बोलणार, आणि चाळीस बायका त्यांच्यामागून म्हणणार.

"अजिबात जायचं नाही!" मी कडाडले. "चाळीस माणसांना एकाच पद्धतीने शिकवणं ही हुकूमशाही आहे! प्रत्येकाची शिकण्याची पद्धत वेगळी असते. कुणी डोळ्यांनी शिकतं, कुणी कानांनी, कुणी हातांनी!"

"रेखा जाणार आहे," आई म्हणाली. रेखामावशी ही तिची लाइनवरची मैत्रीण.

"रेखामावशीची पद्धत वेगळी असेल."

"तिची कसली पद्धत? मागच्या बाकावर बसून डुलक्या काढेल."

पण मी मोबाइलवर या विषयावरचा एक अख्खा लेख वाचला होता. (अख्खा म्हणजे जाहिरात येईपर्यंतचा.) लगेच प्रश्नावली तयार केली आणि आईसमोर बसले.

"प्रश्न पहिला. नवी भाजी कशी शिकतेस? वाचून, ऐकून की करून?"

"तुझा बाप ताट घेऊन बसला की आपोआप येते."

"आई, पर्याय तीनच आहेत."

"मग टाक कुठलाही."

"प्रश्न दुसरा. अनोळखी ठिकाणी जायचं असेल तर रस्ता डोळ्यांसमोर येतो की कुणी सांगितलेला कानात राहतो?"

"मी विचारत विचारत जाते बाई."

मी मोठ्या आशेने बाबांकडे वळले. बाबा मूळचे राजगुरुनगरकडच्या खेड्यातले. रहाटणीत राहून त्यांना तीस वर्षं झाली, पण जिभेने काही स्थलांतर केलं नव्हतं.

"बाबा, तुम्ही कसं शिकता?"

"आमी शिकलो न्हाई. आमाला शिकवलं."

"कुणी?"

"परिस्थितीनं!"

शास्त्राच्या मार्गात असे अडथळे यायचेच. सगळी उत्तरं विचारात घेऊन (म्हणजे बाजूला ठेवून) मी निकाल जाहीर केला. आई डोळ्यांनी शिकणारी, बाबा कानांनी, मी स्वतः तिन्हींनी.

दुसऱ्या दिवशी मी घरातल्या प्रत्येक वस्तूवर तिचं जपानी नाव मराठी अक्षरांत लिहून चिकटवलं. दार, खिडकी, पंखा, मिक्सर. मांडणीतल्या डब्यांवरच्या जुन्या मराठी चिठ्ठ्या वसाहतवादी मनोवृत्तीने झाकून वर नव्या लावल्या. आईवर परिणाम शून्य. तिने आयुष्यात डब्यांवरचं वाचलंच नव्हतं, तिचा हात आपोआप योग्य डब्याकडे जायचा. चिठ्ठ्या वाचणारे घरात एकटे बाबा. त्यांनी दुपारी स्वतःसाठी चहा केला, घोट घेतला आणि उठून डब्यावरची चिठ्ठी पुन्हा वाचून आले.

"क्रांती," ते गंभीरपणे म्हणाले, "जपानी लोकं च्या खारट पेतात का गं?"

आई डोळ्यांनी शिकत नाही हे सिद्ध झालं. मग मी तिला कानांनी शिकणारी ठरवलं. काळेवाडी फाट्यावरून चाकणला कंपनीची बस जाते, जायला सव्वा तास आणि यायला देव जाणे. मी माझ्या आवाजात शंभर वाक्यं रेकॉर्ड करून आईच्या मोबाइलमध्ये घातली. "रोज बसमध्ये ऐकायची. कान आपलं काम करतील."

कानांनी काम केलं. चौथ्या दिवशी रेखामावशी घरी आली, ती "जय भीम" म्हणतानाच हसत होती.

"काय जादू भरलीस गं त्या मोबाइलात? हिच्या कानात वायर गेली की भोसरी यायच्या आत ही आडवी! काल मी एक बाजू माझ्या कानात घातली, तर मी पण गेले. झोपेच्या गोळीपेक्षा तुझा आवाज बरा!"

"थकलेली असते ती," मी म्हणाले.

"थकलेली? अगं, दुपारी सुटताना गेटवर एक जपानी साहेब हिला वाकून 'कोन्निचिवा' म्हणाला, तर हिने त्याच्या तोंडासमोर एवढा मोठा आ वासून जांभई दिली!"

"मुद्दाम नाही दिली," आई ओशाळून म्हणाली. "तो शब्द कानावर पडला की आता डोळेच मिटतात."

म्हणजे चार दिवसांत जपानीतल्या पहिल्याच अभिवादनावर झोपी जायला मी तिला शिकवलं होतं. शिकवलं होतं, हे महत्त्वाचं! मी हातांच्या पद्धतीकडे वळले. प्रत्येक काम करताना त्याचा जपानी शब्द म्हणायचा. पण आईचे हात म्हणजे अठरा वर्षं लाइनच्या वेगाने पळालेले हात. मी वहीत "कापणे" शोधेपर्यंत कांदा कापून, परतून, भाजीत विरघळलेला असायचा.

परीक्षेला आठ दिवस उरले. आईने वही मिटली.

"क्रांती, तुझी पत्रकं तू हवी तेवढी फाड आणि पुन्हा लिही. माझे गुडघे नको गं प्रयोगाला घेऊस. या वेळी गेलं तर रिटायर होईपर्यंत, आणखी अकरा वर्षं उभी राहीन मी."

ती आत जाऊन पीठ मळू लागली. मी न सांगता वही उचलून जागेवर ठेवली. (हे आमच्या घरात क्वचित घडतं, म्हणून नोंदवते.) परीक्षेची पाच जपानी प्रश्नोत्तरं मी मराठी अक्षरांत लिहून काढली होती, तो कागद बाबा खाटेवर बसून न्याहाळत होते. त्यांनी चष्मा नीट केला, घसा साफ केला. हातात कागद आला की बाबांना तो मनात वाचता येत नाही. गेटसभेची सवय! त्यांची मूठ वर गेली आणि खिडक्या हादरल्या.

"ओनामाए वाऽऽऽ?"

आणि स्वयंपाकघरातून, पिठाच्या हातासकट, उत्तर आलं.

"सुनंदा देस! सुनंदा देस! सुनंदा देस!"

ओनामाए वा म्हणजे तुमचं नाव काय, आणि सुनंदा देस म्हणजे मी सुनंदा. तीन आठवडे जे वाक्य तिच्या ओठांवर बसलं नव्हतं, ते एका दमात तीनदा! मी धावत आत गेले. आई स्वतःच चकित होऊन आपल्या वर गेलेल्या मुठीकडे बघत होती. कणकेचा गोळा खाली.

मग उलगडा झाला. बाबांच्या कंपनीला टाळं लागलं तेव्हा मला कडेवर घेऊन आई सात आठवडे गेटवर बसली होती. बाबा पुढून अर्धी घोषणा द्यायचे, बायका मागून उरलेली अर्धी, तीन वेळा. ती शिकण्याची पद्धत तिच्या हाडात मुरली होती. ना डोळे, ना कान, ना हात. मी तिथल्या तिथे चौथा प्रकार शोधून काढला, घोषणाशील!

"शिगोतो वाऽऽ?" म्हणजे काम काय.

"हानेसु देस!" तीनदा.

"गेन्की देस काऽऽ?" म्हणजे बरी आहेस ना.

"गेन्की देस!" तीनदा, गुडघे दुखत असूनही.

तीन दिवसांत पाचही उत्तरं पाठ. सरावाला आम्ही गच्चीवर जायचो. तिसऱ्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या जाधवकाकू हंडा घेऊन वर आल्या, त्यांच्यामागे आणखी चार बायका.

"टँकर दोन दिवस आला नाही. मोर्चा कधी निघायचाय?"

"काकू, मोर्चा नाही, जपानी शिकतोय."

"असू दे," काकू हंडा खाली ठेवत म्हणाल्या. "घोषणा छान आहे. पाण्याला पण चालेल."

परीक्षेच्या दिवशी आई चष्मा घरी विसरली. मी आणि बाबा तो घेऊन चाकणला गेलो. तोंडी परीक्षा दुपारी तीनला होती आणि ट्रेनिंग रूम गेटला लागूनच. चष्मा गार्डकाकांनी आत पोचवला. आम्ही रस्त्यापलीकडच्या टपरीशी थांबलो. खिडकी उघडी होती, आतलं सगळं दिसत होतं. टेबलामागे एचआरचे सूर्यवंशी साहेब, एक दुभाषी मुलगी, आणि मध्ये यामादा नावाचे जपानी इंजिनिअर. सकाळी हाताच्या परीक्षेत आई पहिली आली होती, असं गार्डकाकांनीच सांगितलं. माझी छाती फुगली. आता फक्त पाच वाक्यं, आणि खुर्ची!

यामादांनी किंचित वाकून, मोराचं पीस फिरवावं तसं हळुवार काहीतरी विचारलं. ते "ओनामाए वा" असणार, हे आम्हाला त्यांच्या ओठांवरून कळलं. आईला कळलं नाही. कसं कळणार? जागेपणी तिने हा प्रश्न कधी माणसाच्या आवाजात ऐकलाच नव्हता!

यामादांनी पुन्हा विचारलं, आणखी नम्रपणे. आई आणखी गोंधळली. सूर्यवंशींनी कागदावर काहीतरी लिहायला पेन उघडलं. बाबांच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या.

"बाबा, नाही हं," मी त्यांचा शर्ट धरला. "ही कॉपी होईल! आपण तत्त्वाची माणसं आहोत!"

"कॉपी न्हाई," बाबा मूठ आवळत म्हणाले, "पाठिंबा हाय!"

आणि चाकण एमआयडीसीच्या त्या रस्त्यावर, कंटेनरांच्या आवाजावर मात करत, घोषणा घुमली. "ओनामाए वाऽऽऽ?"

खिडकीत आईची मूठ वर गेली. "सुनंदा देस! सुनंदा देस! सुनंदा देस!"

इथवर ठीक होतं. पण सव्वातीन झाले होते. पहिली शिफ्ट सुटली होती आणि दोनशे बायका गेटकडे येत होत्या. त्यांना काय दिसलं? बाहेर मूठ उगारलेला म्हातारा, आत मूठ उगारलेली सुनंदा. यातल्या निम्म्या बायका कधी ना कधी कुठल्या ना कुठल्या गेटवर बसलेल्या. कशाबद्दल ते नंतर विचारू, आधी साथ द्या, ही आमच्या पट्ट्यातली रीत! रेखामावशीने डबा बगलेत मारला, मूठ वर केली, आणि दोनशे बायका एका सुरात ओरडल्या.

"सुनंदा देस! सुनंदा देस! सुनंदा देस!"

सूर्यवंशी साहेब धावत बाहेर आले. गेटपर्यंत येईस्तोवर त्यांचं ओळखपत्र पाठीवर गेलं होतं.

"काय झालं? काय मागण्या आहेत तुमच्या?"

आता, बाबांनी तीस वर्षं गेटसभा घेतल्या होत्या. पण मॅनेजमेंटचा माणूस स्वतः पळत येऊन मागण्या विचारतोय, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. बायकोची परीक्षा, जपानी, यामादा, सगळं ते क्षणात विसरले.

"लिही गं क्रांती! मागणी पयली, कँटीनच्या पोह्यात पोहे पायजेत!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. तत्त्वाचं माणूस म्हणून मी त्यांना थांबवायला हवं होतं. मी पेन काढलं. प्रश्नोत्तरांच्या कागदाच्या मागे लिहू लागले. बाबा सांगतच होते. "मागणी दुसरी, बस वेळेवर! मागणी तिसरी," इथे मीच पुढे होऊन ओरडले, "लाइनवर प्रत्येकीला खुर्ची!"

"अहो! क्रांती! गप्प बसा दोघं!" खिडकीतून आई ओरडली. तिचा आवाज फाटला होता. "माझी परीक्षा चाललीय! घालवता का माझी खुर्ची?"

माझं पेन थांबलं. बाबांची मूठ हळूहळू खाली आली आणि खिशात गेली. संप फोडण्यासाठी मालकाने नाना उपाय केलेले मी ऐकले होते, पण एका वाक्यात फुटलेला तो मी पाहिलेला एकमेव संप.

पुढचं आम्हाला आईने आणि दुभाषी मुलीने सांगितलं. यामादा खिडकीशी उभे राहून बाहेर बघत होते. त्यांनी विचारलं, "या सगळ्या काय म्हणताहेत?"

दुभाषी मुलीने प्रामाणिकपणे भाषांतर केलं. "त्या म्हणताहेत, 'मी सुनंदा.'"

"सगळ्या?"

"हो सर. सगळ्या."

यामादांनी हातातल्या यादीकडे पाहिलं. तिच्यात सुनंदा एकच होती. "यांना जपानी कुणी शिकवली?"

दुभाषी मुलीने आईकडे बोट दाखवलं. यामादांनी घड्याळ पाहिलं. रविवारच्या क्लासात चाळीस बायकांना जे महिनाभरात जमलं नव्हतं, ते या बाईने दोनशे जणींना दोन मिनिटांत, खिडकीतून शिकवलं होतं! (उच्चारही एकसारखा.) शिवाय जागा ट्रेनरचीच होती. त्यांनी आईचे उरलेले चार प्रश्न विचारलेच नाहीत. सूर्यवंशींनीही चटकन सही केली. त्यांचं कारण वेगळं होतं. ज्या बाईच्या नावाने दोनशे जणी ओरडतात, तिला लाइनवरून उचलून ऑफिसजवळ बसवलेली बरी, असं ते नंतर कुणाशी तरी बोलले म्हणे.

थोडक्यात, आईची निवड झाली, आणि तिला जपानी येते म्हणून झाली, असं कुणीच म्हणू शकत नाही. पोह्यांची आणि बसची मागणी कंपनीने विचारार्थ ठेवली. दोनशे खुर्च्यांच्या मागणीतली एक मान्य झाली, ती माझ्या सख्ख्या आईची. घराणेशाहीविरुद्ध मी आजवर जी काही पत्रकं लिहिली, त्यांच्याकडे त्यानंतर काही दिवस मला नीट बघवेना.

ही टोचणी घालवायला मी कामाला लागले. "घोषणाशील शिक्षण : एक पर्याय" नावाची आठ पानी पुस्तिका लिहिली. मानवजात चार प्रकारे शिकते, त्यांपैकी चौथा प्रकार आमच्या स्वयंपाकघरात सापडला, असं तिच्यात सविस्तर मांडलं. पहिली प्रत आईला दिली. नव्या मुलींना शिकवताना वापर म्हणाले.

आठवड्याने विचारलं, "आई, पुस्तिका वापरलीस?"

"रोज वापरते की," आई म्हणाली. गुडघ्याला तेल चोळायचं थांबवून ती इतकी मनापासून हसली की मला भरून आलं.

"मुलींना आवडली?"

"खूप. अगं, माझ्याकडे नव्या अठरा पोरी आल्यात. दिवसभर उभ्या. मग मी पाळीपाळीने एकेकीला माझ्या खुर्चीवर बसवते, दहा-दहा मिनिटं. त्या उठबशीने खुर्चीचा एक पाय डुगडुगायला लागला होता."

"मग?"

"मग काय, तुझी पुस्तिका चार घड्या घालून त्याच्याखाली सरकवली. आता अजिबात हलत नाही. रेखा तर म्हणाली, क्रांतीला सांग, आणखी चार पानं लिहिली असतीस तर टेबलाचंही काम झालं असतं."

मी सध्या सुधारित आवृत्ती लिहितेय. बारा पानांची.